दंतरोपणासाठी टायटॅनियम

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात कृत्रिम मूळ म्हणून जो स्क्रू बसवतात, त्याला दंतरोपण किंवा रोजच्या बोलण्यात डेंटल इम्प्लांट म्हणतात. स्क्रू हाडात पक्का झाला की त्यावर जोडभाग आणि त्यावर दाताची कॅप बसते. हा स्क्रू बहुतेक वेळा टायटॅनियमचा किंवा त्याच्या मिश्रधातूचा असतो. टायटॅनियम मजबूत आणि हलके असते म्हणून ते वापरतात, असे सर्रास सांगितले जाते. मजबुतीचे ठीक आहे, पण एका स्क्रूचे वजन एक ग्रॅमही भरत नाही, तेव्हा हलकेपणाने इथे काहीच साधत नाही. टायटॅनियमची खरी लायकी त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या अतिपातळ पापुद्र्यात आहे.

टायटॅनियम निष्क्रिय आहे, हाही एक पक्का गैरसमज. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते चांगलेच क्रियाशील मूलद्रव्य आहे. ऑक्सिजनची त्याला इतकी ओढ असते, की धातूचा ताजा कापलेला भाग हवेत उघडा पडताच काही मिलिसेकंदांत त्यावर ऑक्साइडचा थर बसू लागतो. साध्या तापमानाला हा थर २ ते १० नॅनोमीटर जाडीचा होऊन थांबतो, कारण तो सलग, घट्ट आणि धातूला चिकटून असतो. त्यातून पुढचा ऑक्सिजन आत जाऊ शकत नाही. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो आणि सुटून पडतो, त्यामुळे खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. टायटॅनियमचे तसे होत नाही. स्क्रू हाडात पिळताना पापुद्रा खरवडला गेला, तरी रक्तातले पाणी आणि ऑक्सिजन मिळताच तो जागच्या जागी पुन्हा तयार होतो. शरीरातील द्रवांत क्लोराइड भरपूर असते आणि स्टेनलेस स्टीलला त्यामुळे खड्डे पडून क्षरण होऊ शकते. टायटॅनियमचा पापुद्रा मात्र त्याला दाद देत नाही. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि विजेचा मंद वाहक असल्यामुळे धातू आणि ऊतक यांच्यातील इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाणही रोखून धरतो. म्हणजे अतिक्रियाशीलतेमुळेच हा धातू शरीरात सुरक्षित ठरतो.

हाडाची गाठ अशा रीतीने धातूशी पडतच नाही, ती पडते ऑक्साइडशी. ओल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि शरीराच्या सामू मूल्याला त्यावर किंचित ऋण भार राहतो. त्याकडे कॅल्शियमचे आयन ओढले जातात, मागोमाग फॉस्फेट आणि रक्तातील प्रथिने येऊन बसतात. पुढे हाड बनवणाऱ्या पेशी याच थरावर स्थिरावतात. शरीराला परकी वाटलेली वस्तू ते बहुधा तंतुमय ऊतकाच्या पिशवीत गुंडाळून बाजूला टाकते. जुन्या धातूंच्या अनेक रोपणांभोवती अशी पिशवी तयार होई, स्क्रू हलू लागे आणि शेवटी निघून येई. टायटॅनियमभोवती जिवंत हाड थेट पृष्ठभागापर्यंत वाढते. या जोडणीला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. सोने रासायनिकदृष्ट्या याहून शांत, पण ते मऊ आहे आणि हाडाला आपल्याशी असे जोडूनही घेत नाही. निव्वळ निरुपद्रवी असणे पुरेसे नसते, हे यावरून कळते.

हा गुण लोकांच्या डोळ्यांसमोर असूनही बराच काळ दुर्लक्षित राहिला. १९४० मध्ये बोथ, बीटन आणि डॅव्हनपोर्ट यांनी मांजरांच्या हाडात टायटॅनियम बसवून पाहिले आणि हाड त्याला चांगले जुळते असे नोंदवले. १९५१ मध्ये गॉटलिब लेव्हेंथॉल यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू घातले. आठवड्यागणिक ते अधिकाधिक घट्ट होत गेले आणि सोळा आठवड्यांनी एक स्क्रू काढू पाहताना हाडच मोडले. उत्तर इथेच हाती आले होते, पण दंतवैद्यकाने ते उचलले नाही. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशांच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची निरीक्षण-नळी काम संपल्यावर बाहेर काढता येईना. ही अडचण त्यांनी बाजूला सारली नाही, तिच्याच मागे लागले; त्यांचे हे मोठेपण. १९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि ते चाळीस वर्षे टिकले. स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोडर यांनीही स्वतंत्रपणे हाड आणि धातू यांचा थेट संपर्क सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिला. तरीही व्यापक मान्यता मिळाली ती टोरांटो येथे १९८२ मध्ये दंतरोपणावर भरलेल्या परिषदेनंतर.

यांत्रिक बाजूला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ताठरपणाचा. टायटॅनियमचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, सुमारे १०० ते ११० गिगॅपास्कल असतो, स्टेनलेस स्टीलचा १९० ते २००, तर कोबाल्ट-क्रोमियमचा २०० हून अधिक. जबड्याच्या बाहेरील कठीण हाडाचा तो साधारण १० ते २० भरतो. चावण्याचा सगळा भार ताठर स्क्रूनेच पेलला, तर भोवतालच्या हाडाला काम उरत नाही आणि काम नसलेले हाड झिजते. टायटॅनियमही हाडाच्या कितीतरी पट ताठर आहेच, पण नेहमीच्या वैद्यकीय धातूंमध्ये ते हाडाच्या अधिक जवळचे.

‘शुद्ध’ टायटॅनियमच्या चार श्रेणी मानल्या जातात. त्यांतील फरक मुख्यतः ऑक्सिजनच्या प्रमाणाचा: पहिल्या श्रेणीत तो ०.१८ टक्क्यांपर्यंत, चौथीत ०.४० टक्क्यांपर्यंत असतो. एवढ्याशा फरकाने किमान ताणबल २४० मेगापास्कलवरून ५५० वर जाते, म्हणून दंतरोपणात चौथी श्रेणी अधिक चालते. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू आणखी बळकट असतो; मात्र व्हॅनेडियमचे आयन पेशींना अपायकारक असल्याने काही जण तो टाळतात. अरुंद हाडासाठी बारीक स्क्रू लागतात, तिथे टायटॅनियम-झिर्कोनियम मिश्रधातू उपयोगी पडतो. टायटॅनियम लोहचुंबकीय नसल्यामुळे एमआरआय तपासणीतही सहसा अडचण येत नाही.

ब्रोनेमार्क यांचे सुरुवातीचे स्क्रू लेथवर कापलेले, तुलनेने गुळगुळीत होते. पुढे पृष्ठभागावर कणांचा मारा करून आणि तो आम्लात कोरून १ ते २ मायक्रोमीटर खडबडीतपणा आणला गेला. अशा पृष्ठभागावर रक्ताची गुठळी धरून राहते, पेशी थेट स्क्रूवरच हाड रचू लागतात आणि कॅप बसवण्याआधी थांबण्याचा काळ कमी होतो. पूर्वी खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या, अधिक सच्छिद्र जबड्यात सहा महिने थांबत असत.

पण धातू कितीही योग्य असला, तरी हाडाशी कसे वागले जाते यावर सगळे अवलंबून असते. छिद्र पाडताना हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर गेले तर हाड मरते, म्हणून ड्रिलवर सलाइनची धार सोडतात. भरून येण्याच्या काळात स्क्रू सुमारे १५० मायक्रोमीटरहून अधिक हलत राहिला, तर टायटॅनियमभोवतीही तंतुमय ऊतकच तयार होते. बसवल्यानंतर दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास पकड काहीशी ढिली पडते, कारण जुने हाड शोषले जात असते आणि नवे अजून पुरेसे आलेले नसते. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह यांनी अपयशाची शक्यता वाढते.

टायटॅनियमच्या मर्यादाही खऱ्या आहेत. हिरडी पातळ असेल तर करडी छटा दिसते; तिथे झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचा पर्याय आहे, पण तो ठिसूळ असतो. ॲलर्जी दुर्मीळ आहे. घर्षणाला टायटॅनियम फारसे टिकत नाही, त्यामुळे स्क्रू आणि जोडभाग जिथे जुळतात तिथे सूक्ष्म कण सुटू शकतात. हाड खाली सरकून खडबडीत भाग उघडा पडला, की त्यावर जिवाणूंचा थर पटकन साचतो. अशा वेळी स्टीलच्या उपकरणांनी खरवडणे टाळतात, कारण त्याने पृष्ठभागावर ओरखडे उठतात. आम्लधर्मी, भरपूर फ्लोराइड असलेल्या जेलमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊन तो संरक्षक पापुद्राच विरघळू शकतो. म्हणून इम्प्लांट असलेल्यांना फ्लोराइडचे जेल लावायचे झाल्यास उदासीन सामूचे निवडतात. नेहमीच्या टूथपेस्टने असा धोका नसतो.