खुला हौशी रेडिओ रिपीटर (मुंबई)

परवानाधारक हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे हॅमचे, क्षीण संदेश उंच जागेवरून ऐकणारे आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरकसपणे पुन्हा सोडणारे स्वयंचलित केंद्र म्हणजे रिपीटर. ज्या रिपीटरवर बोलायला कोणत्याही क्लबचे सभासदत्व वा वर्गणी लागत नाही, परवाना आणि बोलण्याची शिस्त एवढ्यावर भागते, तो खुला रिपीटर. पाणपोईसारखाच हा व्यवहार आहे : भरणारे चार-दोन, पिणारे वाटेने जाणारे सगळे. चार-दोघांच्या खिशातून आणि वेळातून तो चालतो, आणि म्हणूनच तो चालवणे हे यंत्र उभारण्यापेक्षा अवघड काम आहे.

मुंबईला रिपीटरची गरज पडते ती शहराच्या ठेवणीमुळे. हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यातल्या (भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ) लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या हँडीचे, म्हणजे हातातल्या संचाचे, रेडिओ-क्षितिज, म्हणजे लहरी सरळ पोचू शकतात ते अंतर, जेमतेम पाच किलोमीटर. समोरच्याकडेही हँडीच असेल तर मोकळ्या माळावर दोघांचे दहा किलोमीटरपर्यंत जमू शकते, पण लोअर परळच्या टॉवरांत दोन किलोमीटरवरही आवाज फाटतो. अँटेना १०० मीटरवर नेली की तिचे क्षितिज ४१ किलोमीटरवर जाते. दादरसारख्या मधल्या जागी अशी एक अँटेना असली तर कागदावर दक्षिणेला कुलाबा, उत्तरेला वसई आणि पूर्वेला कल्याण, सगळे तिच्या टप्प्यात येतात. प्रत्यक्षात डोंगर आडवे येतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची रांग घोडबंदर रस्त्यावर सावली टाकते, पारसिकचा डोंगर मुंब्र्यापलीकडच्यांना अडवतो. एकाच रिपीटरने सगळी मुंबई आणि ठाणे जिल्हा झाकला जात नाही तो यामुळे. इथे जागा निवडताना इमारतीच्या उंचीइतकेच तिच्यासमोर काय उभे आहे ते पाहावे लागते.

रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, आणि त्याची खरी कसोटी इथेच आहे. दोन मीटर पट्ट्यात ऐकण्याची वारंवारता बोलण्याच्या वारंवारतेपेक्षा सहसा ६०० किलोहर्ट्‌झने खाली ठेवतात, १४५.६०० मेगाहर्ट्‌झवर बोलणारा रिपीटर १४५.००० वर ऐकतो. म्हणजे एकाच अँटेनावर पंचवीसेक वॉटचा प्रक्षेपक गरजत असताना, शेजारच्याच वारंवारतेवर मायक्रोव्होल्टच्याही अंशाएवढा संकेत ग्राहकाला, म्हणजे रिपीटरच्या ऐकणाऱ्या भागाला, ऐकू यायला हवा. या दोघांना वेगळे ठेवतो तो ड्युप्लेक्सर : पितळेच्या, तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या डब्यांची जोडणी. प्रत्येक डबा आतल्या दांड्याची लांबी बदलून एका वारंवारतेला वाट देण्यासाठी आणि दुसरीला अडवण्यासाठी जुळवलेला (ट्यून केलेला) असतो. ८० डेसिबल किंवा त्याहून अधिक अडवणूक लागते. ८० डेसिबल म्हणजे शक्ती दहा कोटी पटींनी कमी करणे. हे डबे जरा हलले, उन्हाने तापले किंवा त्यांच्या जोडांना गंज चढला की रिपीटर बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून बहिरा होतो. दूरच्या चालकांचे आवाज आधी जातात, जवळच्यांना काहीच जाणवत नाही. रिपीटर बिघडल्याची पहिली खबर म्हणून कायम कडेच्या माणसाकडून येते, आणि सांभाळणाऱ्याने पनवेलहून आलेली तक्रार दादरच्या शाबासकीपेक्षा गंभीरपणे घ्यावी ती यासाठी.

ड्युप्लेक्सरखेरीज कंट्रोलर, बॅटऱ्या आणि टाइमर हे रिपीटरचे बाकीचे अवयव. कंट्रोलर ठरावीक वेळाने रिपीटरचे कॉलसाइन, म्हणजे परवान्याने दिलेले ओळखचिन्ह, मोर्समध्ये वाजवतो. कोणी बटण दाबूनच बसला, किंवा संच सीटखाली दबून अडकला, तर काही मिनिटांत टाइमर प्रक्षेपक बंद करतो.

खुल्या रिपीटरवरही टोन असतो, आणि नवख्यांचा इथे गोंधळ होतो. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली ६७ ते २५४ हर्ट्‌झच्या दरम्यानचा एक मंद स्वर संच सतत पाठवतो. तो नसेल तर रिपीटर उघडत नाही. हे कुलूप नव्हे, कारण टोन सर्वांना सांगितलेला असतो. तो असतो भलत्या संकेतांनी रिपीटर जागा होऊ नये म्हणून. मुंबईच्या गच्च्यांवर मोबाइलचे, एफएमचे आणि वायरलेसचे इतके प्रक्षेपक आहेत की त्यांच्या मिश्रणातून नको त्या वारंवारतेवर संकेत तयार होतात. त्यात अरबी समुद्राची भर पडते. पाण्यावरच्या दमट थरावर कोरडी गरम हवा पसरली की लहरी त्या थरात अडकून क्षितिजापार वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारवर हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानातले प्रतिध्वनी उमटत असत. ज्या समुद्रावर असे घडते, त्याच्या काठावरच्या रिपीटरला दूरच्या स्टेशनांपासूनही टोननेच वाचवावे लागते.

रिपीटरवर बोलायचे तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेचा हौशी परवाना लागतो. त्यासाठी वयाची किमान बारा वर्षे पूर्ण हवीत आणि परीक्षा द्यावी लागते. सर्वसाधारण श्रेणीचे कॉलसाइन व्हीयू२ ने आणि मर्यादित श्रेणीचे व्हीयू३ ने सुरू होते. ऑनलाइन स्वस्तात हँडी मिळते म्हणून बोलण्याचा हक्क मिळत नाही. बोलणे साध्या भाषेत हवे. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी काहीही चालते, पण सांकेतिक भाषा आणि धंद्याची देवाणघेवाण चालत नाही.

खुलेपणाची किंमत संयमात मोजावी लागते. कॉलसाइन न सांगता नुसते बटण दाबून रिपीटर वाजतो का ते पाहणारे, दोघांच्या बोलण्यावर चढून बोलणारे, बिनपरवाना घुसणारे, हे सगळे खुल्या दारानेच येतात. अनुभवी चालक अशा वेळी हवेत भांडत नाहीत. नवख्याला नाव विचारतात, दोन बोलण्यांच्या मधे जागा सोडायला शिकवतात, हटवादी घुसखोराला उत्तरच देत नाहीत आणि फारच झाले तर रिपीटर थोडा वेळ बंद ठेवतात. प्रत्येक वेळी टोन बदलून सभासदांपुरता कानमंत्र करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण बंद रिपीटरवर वर्दळ कमी होते आणि वर्दळ नसलेल्या रिपीटरचा बिघाड कोणाच्या लक्षातच येत नाही. ठरलेल्या वेळेची नेट, म्हणजे रिपीटरवर सगळ्यांनी एकत्र येऊन दिलेली हजेरी, याच कामाची. एकजण नियंत्रक बनतो, बाकीचे ओळीने कॉलसाइन, ठिकाण आणि आवाज कसा येतो ते सांगतात. गप्पांसारखे वाटते, पण ही रिपीटरची रोजची तपासणी असते आणि शिस्तीचा सरावही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, लोकल थांबल्या, मोबाइल मुके झाले. अशा दिवशी बॅटरीवर चालणारा आणि कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर न टेकलेला रिपीटर काय कामाचा हे वेगळे सांगावे लागत नाही. कुठल्या रस्त्यावर किती पाणी आहे हे एकाने सांगितले की शेकडो जण एकदम ऐकतात. मात्र रिपीटरकडून भलत्या अपेक्षाही नकोत. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्ट ब्लेअरहून जो संपर्क राखला, तो लांब पल्ल्याच्या एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) पट्ट्यांवर. शहराबाहेर निरोप पोचवणे एचएफचे काम, शहरातल्या शहरात माणसे जोडणे रिपीटरचे.

सांभाळण्याचे काम मुख्यतः गच्चीवरचे. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात. जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर केबलच्या जोडात पाणी शिरते आणि प्रक्षेपकाची शक्ती अँटेनापर्यंत न जाता मागे परतते. म्हणून मे महिन्यातच जोड उघडून, पुसून, एकजीव होणाऱ्या रबरी टेपने पुन्हा गुंडाळतात आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ देतात, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. विजेपासून बचावासाठी अर्थिंग तपासतात, बॅटऱ्या भाराखाली मोजतात.

याहून नाजूक प्रश्न परवानगीचा. मुंबईत रिपीटर बहुधा कुणाच्या तरी मेहेरबानीने गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर किंवा लिफ्टच्या खोलीवर असतो. समिती बदलली की नव्या सचिवांना पुन्हा समजावावे लागते : हा मोबाइलचा टॉवर नव्हे, यातून संस्थेला भाडे मिळत नाही आणि हॅमनाही एक पैसा मिळत नाही, वीज इतकी-इतकी लागते आणि तिचे पैसे आम्ही भरतो. पहिल्या दिवसापासून लेखी करार, विजेचे वेगळे मीटर आणि अडचणीत फोन करायला दोन माणसे ठेवली तर बहुतेक समित्या मानतात. इमारत पुनर्विकासाला गेली की मात्र इलाज नसतो. नवी जागा, तिथल्या पत्त्यासह डब्ल्यूपीसीची मंजुरी, नव्याने जुळवलेला ड्युप्लेक्सर हे सगळे परत करावे लागते, आणि मग हँडी घेऊन लोकलने आणि बसने फिरत कोणत्या स्टेशनावरून रिपीटर उघडतो, कोणत्या नाही, याची यादी नव्याने तयार होते.