समलैंगिकता, पाप आणि क्षमा : सातारा-सांगलीच्या मंडळ्यांची पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ च्या कचाट्यातून सुटले. त्यामागोमाग ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, प्रश्न उभा राहिला : गुन्हा उरला नाही, मग पाप उरते का? या प्रश्नातच गल्लत आहे. कलम ३७७ इंग्रज सरकारने १८६० च्या दंडसंहितेत घातले आणि १८६२ पासून ते लागू झाले. पवित्र शास्त्रातले पाप सरकारी कलमावर कधीच अवलंबून नव्हते. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ज्या यादीत समलिंगी संबंध आहेत, त्याच यादीत लोभी, मद्यपी आणि चहाडखोरही आहेत, आणि लोभासाठी कुणाला पोलिसांनी उचलल्याचे ऐकिवात नाही. तरीही दीडशेहून अधिक वर्षे गुन्हा आणि पाप एका दमात उच्चारले गेले. इतर पापांना कबुली, पश्चात्ताप आणि क्षमा ही वाट मोकळी राहिली. या एकाच्या वाट्याला चौकीची आणि अब्रूची भीती आली.

साताऱ्यात अमेरिकन मिशनचे ठाणे १८४९ मध्ये झाले. तिथली रीत मंडळीच्या सभेत निर्णय घेण्याची. सांगली-मिरज भागात प्रेस्बिटेरियन मिशन होते. तिथे शिस्तीचे प्रकरण मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे निवडलेल्या ज्येष्ठांच्या, सभेपुढे जाई. १९२४ मध्ये हे दोन प्रवाह एकत्र आले आणि नोव्हेंबर १९७० मध्ये अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) मंडळ्यांसह झालेल्या मोठ्या ऐक्यानंतर यातल्या बऱ्याच मंडळ्यांवर बिशप आले. आजही एखाद्याला प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणाचा भाकर व प्याल्याचा विधी) द्यायचे की नाही हे कोण ठरवणार यावर घोळ होतो, त्याचे मूळ या तीन थरांत आहे. आणि १९७० च्या ऐक्यामुळेच जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेत समलैंगिकतेवर झालेला निर्णय इथल्या मंडळ्यांच्याही दारात येऊन पोहोचला.

तो निर्णय ऑगस्ट १९९८ चा. ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाला, ४५ जण तटस्थ राहिले. समलैंगिक आचरण शास्त्राशी विसंगत असल्याने नाकारण्यात येत आहे, हे शब्द चर्चेत दुरुस्ती म्हणून घातले गेले आणि पुढे सगळीकडे तेवढेच वाचले गेले. पण ठरावाला कलमे आहेत, आणि ती एकमेकांना धरून आहेत. विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे आयुष्यभराचे ऐक्य, आणि ज्यांना विवाहाचे पाचारण नाही त्यांनी संयम पाळावा, असे एक कलम सांगते. दुसरे म्हणते की समलैंगिक कल असलेली माणसे मंडळीत आहेत, त्यांचे अनुभव ऐकून घेण्यास आम्ही बांधील आहोत, देवाचे त्यांच्यावर प्रेम आहे आणि बाप्तिस्मा घेतलेले, विश्वास ठेवणारे, विश्वासू असे सर्व जण, कल कोणताही असो, ख्रिस्ताच्या शरीराचे पूर्ण अवयव आहेत. आचरण नाकारणाऱ्या त्याच वाक्यात समलैंगिकांविषयीच्या अविवेकी भीतीचा आणि वैवाहिक जीवनातल्या हिंसेचाही निषेध करायला सांगितले आहे. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद आणि अशा संबंधात असणाऱ्यांना पाळकपदाची (धर्मगुरूपदाची) दीक्षा देण्याचा सल्ला देता येत नाही, हे त्यानंतर येते. हा ठराव कुणाला कडक वाटो, कुणाला मवाळ; अर्धा वाचून कुणाला बाकावरून उठवणे हे त्या ठरावाचे पालन नव्हे.

त्या ठरावात कल आणि आचरण वेगळे धरले आहेत. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही हाच भेद आहे : कृत्य नाकारले आहे, माणसाला आदराने, कळवळ्याने आणि हळुवारपणे स्वीकारायला सांगितले आहे. क्षमेच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा. पश्चात्ताप केलेल्या गोष्टीचा होतो. नुसता कल असलेल्या मुलाकडे पश्चात्ताप मागितला, तर तो स्वतःच्या असण्याचा पश्चात्ताप करू पाहतो. ते त्याला जमत नाही आणि क्षमा आपल्यापर्यंत पोहोचतच नाही असे त्याला वाटू लागते. याच ठिकाणी मुले मंडळी सोडतात, काही तर जीव द्यायला निघतात. काही मंडळ्या यापुढे जाऊन निष्ठेचे समलिंगी नातेही मान्य करतात. आपल्याकडे तो वाद अजून पाळकांच्या अभ्यासवर्गाबाहेर फारसा आलेला नाही.

शिस्तीची पायरी बायबलमध्ये मत्तय १८:१५-१७ मध्ये स्पष्ट आहे. आधी एकांतात त्याच्याशी बोलायचे. ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना बरोबर न्यायचे. मगच मंडळीला सांगायचे. व्यवहारात पहिली पायरीच उलटी पडते. आईने आपल्या मुलाविषयी विश्वासाने सांगितलेली गोष्ट बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून येते, नाव न घेता, पण गल्ली आणि शिक्षण सांगून. रविवारपर्यंत ती मिरजेहून तासगावला पोहोचलेली असते. एकांतात बोलायला आता एकांतच उरत नाही.

मग उपास-प्रार्थनेने ‘मोकळे’ करण्याचा आग्रह होतो, आणि मुलगा बरा झाला असे ठरवून लग्न उरकले जाते. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेली, कल बदलण्याचे काम करणारी सर्वात मोठी ख्रिस्ती संघटना २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० मध्ये, आणि कल बदलण्याचे उपचार भारतात २०२२ पासून डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरले आहेत. अशा लग्नाची खरी किंमत मुलीला मोजावी लागते. रविवारच्या उपासनेत लग्नाची घोषणा झाली तेव्हा तिला काहीच ठाऊक नसते. पुढे ख्रिस्ती घटस्फोटाच्या १८६९ च्या कायद्याने कोर्टाची पायरी चढावी लागते ती तिलाच, आणि सासरकडून बोल ऐकावे लागतात तेही तिलाच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून, कॅथोलिक चर्चकडून, समलिंगी जोडप्यांना विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा साध्या आशीर्वादाची मुभा मिळाली आणि त्यावरून जगभर मतभेद झाले. जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ३७७ हे कलमच नाही. कायद्यात समलिंगी विवाहाला मान्यता नसल्याने लग्न लावण्याचा प्रश्न सातारा-सांगलीत सध्या पाळकांपुढे येत नाही. येतो तो प्रभुभोजनाचा, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापिता होण्याचा, शब्बाथशाळेत शिकवण्याचा.

आणि मंडळीतून वगळलेल्याला परत घेण्याचा. करिंथच्या मंडळीने एकाला शिक्षा केली, तेव्हा पौलाने दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल. वगळणे मंडळीपुढे जाहीर होते, परत घेणे मात्र पाळकांच्या खोलीत, हलक्या आवाजात उरकले जाते. क्षमा झाल्याचे बाकावरच्या लोकांना कळतच नाही, म्हणून ते आधीसारखेच वागत राहतात. ज्या सभेत नाव वगळले, त्याच सभेत, त्याच वडिलांनी ते पुन्हा वाचायला हवे, आणि त्याच उपासनेत त्याला भाकर व प्याला मिळायला हवा.