दाढदुखीच्या पुडीतल्या दोन गोळ्या

"भाऊ, दाढ लय ठणकून रायली, एखादा डोस द्या ना." विदर्भातल्या बाजारगावातल्या मेडिकलवर एवढं म्हटलं, की बरेचदा पट्टीतून चार-सहा गोळ्या कापून कागदाच्या पुडीत मिळतात. त्यात साधारण दोन जातींच्या गोळ्या असतात. एक वेदनाशामक: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांपैकी काहीतरी. दुसरी अँटिबायोटिक: अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, नाहीतर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. घेणाऱ्याच्या लेखी दोन्ही दाढेच्याच गोळ्या. त्यातही अँटिबायोटिक 'जास्त पावरची', म्हणून तिच्यावर भरवसा जास्त. माझ्या मते हा भरवसाच उलटा आहे.

कीड दाताच्या नसेजवळ पोचली की आतला मऊ भाग सुजतो. गालाला सूज आली तर तो फुगतो. दाताच्या आत मात्र चहूबाजूंनी कडक भिंत, फुगायला जागाच नाही. म्हणून नस दाबली जाते, आणि आडवं पडलं की डोक्याकडे रक्त वाढून ठणका आणखी चढतो. ही सूज आयबुप्रोफेन उतरवतं, कारण सूज आणणारी रसायनं ते बनू देत नाही. अँटिबायोटिकचा या ठणक्यावर उपयोग होत नाही. ताप नाही, चेहऱ्यावर सूज पसरलेली नाही, अशा धडधाकट मोठ्या माणसाच्या दातदुखीला अँटिबायोटिक सहसा देऊ नये, असं अमेरिकन डेंटल असोसिएशननेही 2019 मध्ये सांगितलं.

मग "मला तर तीन दिवसांच्या कोर्सनं आराम पडला" असं सांगणारे इतके कसे भेटतात? अनेकदा त्याच पुडीतल्या वेदनाशामकानं काम केलेलं असतं आणि नाव होतं दुसरीचं. दुसरं कारण जास्त फसवं आहे. सुजलेली नस काही दिवसांनी मरते. मेलेली नस दुखत नाही. माणूस खुशीत कापूस वेचायला जातो, जंतू मात्र मुळाच्या टोकापर्यंत उतरत राहतात, आणि काही महिन्यांनी तिथे पू धरतो.

अँटिबायोटिकचं खरं काम इथे लागतं, म्हणजे सूज पसरायला लागली, ताप आला, तर. तेव्हाही पू बाहेर काढणं, नसेचा उपचार करणं किंवा दाढ काढणं हाच मुख्य इलाज. गोळी फक्त जोडीला. जबड्याखाली कडक सूज, तोंड न उघडणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, डोळ्याकडे चढणारी सूज, यातलं काही दिसलं तर सकाळची एसटी धरू नका. रात्रीच 108 ला फोन करा.

वेदनाशामकही निर्धोक नाही, आणि आपल्याकडे त्याची कारणं जरा वेगळी आहेत. मे महिन्यात दिवसभर वावरात घाम गाळून, पाणी कमी पिऊन घेतलेलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक किडनीला इजा करू शकतं. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असलेल्या तापात या दोन्ही गोळ्या नकोत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णानं, गरोदर बाईनं, पोटात अल्सर किंवा किडनीचा आजार असणाऱ्यानं, रक्त पातळ करणारं औषध चालू असणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. (सिकलसेलमध्ये दात किडलेला नसतानाही दाढ दुखू शकते, हे दंतवैद्याला आवर्जून सांगा.) असं काही नसलेल्या मोठ्या माणसाला जेवणानंतर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, ही जोडी दंतवैद्याकडे पोचेपर्यंतचे एक-दोन दिवस निभावून नेते.

लवंग चालते, तिच्यातलं युजेनॉल थोडा वेळ बधिर करतं. दाढेत खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) दाबणं किंवा हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवणं नको. गोळीनं हिरडी भाजून पांढरी पडते.

पुडी घेताना एक करा. कापलेल्या तुकड्यावर बरेचदा औषधाचं नाव उरत नाही. पट्टीचा नाव असलेला भाग मागा, नाहीतर प्रत्येक गोळीचं नाव कागदावर लिहून घ्या. दोन निराळ्या रंगांच्या गोळ्या दोन्ही वेदनाशामकच निघाल्या, तर ते तिथेच कळेल. तो कागद दंतवैद्यालाही दाखवा, म्हणजे तीच गोळी पुन्हा लिहिली जाणार नाही.