व्हर्निअर मापन

लांबी, व्यास व खोली मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजण्याची पद्धत. स्थिर पट्टीवर सरकणाऱ्या दुसऱ्या पट्टीच्या आधारे माप वाचतात. मराठवाड्यातील आयटीआय, तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांत (छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय १९६० मधील, नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी महाविद्यालय १९८१ मधील) मापनाचे धडे सहसा येथूनच सुरू होतात.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. पोर्तुगीज गणिती पेद्रो नुनिश यांनी १५४२ मध्ये कोनमापकाच्या बाहेरच्या कंसाच्या आत ४४ समकेंद्री कंस सुचविले; बाहेरच्या कंसाचे ९० भाग, आतल्यांचे अनुक्रमे ८९, ८८ असे ४६ पर्यंत. नुनिश यांच्या लॅटिन नावावरून जर्मनमध्ये या पट्टीस आजही ‘नोनिउस’ म्हणतात. जर्मन गणिती क्लाव्हिउस यांनीही मूळ कल्पना मांडली होती, पण पट्टी उपकरणाला कायमची जोडली नव्हती. ते फ्रेंच गणिती प्येर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये केले. त्यांनी ३१ अर्धांशांचे ३० भाग पाडले व एका कलेपर्यंत (अंशाचा साठावा भाग) वाचन साधले. नुनिश यांची रचना आखायलाच दुष्कर होती. सरकती पट्टी हा शोधाचा गाभा मानल्यास व्हर्निए यांचे नाव अधिक युक्त ठरते.

आजच्या नेहमीच्या कॅलिपरमध्ये (वस्तू जबड्यांत धरून मोजण्याचे साधन) सरकत्या पट्टीवर ४९ मिमी.चे ५० भाग असतात; प्रत्येक भाग ०·९८ मिमी.चा, म्हणून लघुतम माप (वाचता येणारे सर्वांत लहान माप) ०·०२ मिमी. शून्यरेषेने मुख्य पट्टीवरील २३ ओलांडले व सतरावी रेघ जुळली, तर वाचन २३·३४ मिमी. जबडे मिटले असता दुसरी रेघ जुळत असेल, तर धन शून्य त्रुटी ०·०४. ती वजा करून २३·३० मिमी. हे वजा करणे जर्नलात (प्रात्यक्षिकाच्या वहीत) विसरले जाते, तसेच जबडे जोराने आवळणेही नवख्यांत सर्रास आढळते.

मापनाचे प्रमाण तापमान २० अंश से. आहे. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा चाळिशी ओलांडतो. ४० अंशांवर १०० मिमी. ॲल्युमिनियम सुमारे ०·०४६ मिमी. वाढते, पोलादी कॅलिपरची पट्टी तेवढ्याच लांबीत ०·०२३. म्हणजे वाचन साधारण एका रेघेने चुकते. जॉबही (मोजायची वस्तू) पोलादाचा असेल, तर दोन्ही सारखेच वाढतात व फरक उरत नाही. लेथवरून नुकताच उतरवलेला गरम जॉब मात्र तसाच मोजू नये.

फॅब्रिकेशनच्या दुकानांत ‘सूत’ (इंचाचा आठवा भाग, ३·१७५ मिमी.) अद्याप चालते. वाळूज, चिकलठाणा येथील वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांत मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग) भाषा आहे. तेथे मायक्रोमीटर, डायल गेज व स्लिप गेज ही अधिक सूक्ष्म मापनाची साधने लागतात.