लाल ऑइल, काळा गाळ आणि एक परात

माझा मावसभाऊ टेक्सासमधे राहतो, त्याच्याकडे २००५ची शेव्हरोलेट सिल्व्हराडो पिकअप आहे, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तिकडं ज्याला सगळे फोर-एल-सिक्स्टी-ई म्हणतात तो. मी गेलो होतो तेव्हा एका शनिवारी म्हणाला, चल आज गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलू. माझं पहिलं वाक्य अर्थातच, "अरे नीट चाललीये ना गाडी, मग कशाला हात लावतोस?" कारण आपल्याकडं ऐकलेलं असतं की जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो. यात थोडं खरं आहे, पण कारण लोक सांगतात ते नाही, त्याच्याकडं येतोच.

आधी हे ऑइल करतं काय ते बघू. आपल्या साध्या मॅन्युअल पिकअपमधे गिअर ऑइल मुख्यतः दात घासू नयेत म्हणून असतं. ऑटोमॅटिकमधे मात्र गाडी उभ्यावरून निघते तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात घट्ट जोड नसतोच, मधे टॉर्क कन्व्हर्टर नावाचा ऑइलने भरलेला डबा. रवीने ताक घुसळताना भांडं पायात धरावं लागतं, नाहीतर तेही रवीबरोबर फिरायला लागतं, आठवतंय? तसंच. इथं इंजिन हे ऑइल घुसळतं आणि ते ऑइल डब्यातलंच समोरचं पात्यांचं चाक फिरवतं. मधे अजून एक छोटं पात्यांचं चाक असतं, ते परत येणाऱ्या ऑइलची दिशा वळवतं, आणि त्यामुळंच गाडी उभ्यावरून उठताना गिअरबॉक्सकडे इंजिनच्या जवळपास दुप्पट टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जाऊ शकतो. ट्रेलर लावलेला पिकअप न कुरकुरता उठतो तो याच्यामुळं.

मग तेच ऑइल पंपातून दाबाने वाल्व्हमधे जातं आणि आतले क्लच दाबून गिअर बदलतं, तेच ऑइल बेअरिंगला वंगण देतं, आणि आतली उष्णता घेऊन रेडिएटरमधल्या कूलरकडं जाऊन थंड होऊन परत येतं. एक पगार, चार नोकऱ्या.

सगळ्यात भारी भाग क्लचचा. स्टीलच्या चकत्या आणि त्यांच्यामधे कागदासारख्या मालाच्या चकत्या, खरंच सेल्युलोजचे धागे आणि रेझिन वगैरे, आणि हे सगळं ऑइलमधे बुडालेलं. म्हणजे ऑइलने निसरडंही असायचं आणि क्लच लागताना नेमकी पकडही द्यायची, पकड कमी पडली तर क्लच घसरून जळणार आणि उलटं झालं तर गिअर बदलताना कंबरेत झटका. ही पकड जमवायला ऑइलमधे वेगळी रसायनं घालतात, आणि तुम्हाला खोटं वाटेल पण एकेकाळी त्यासाठी व्हेल माशाचं तेल वापरायचे, स्पर्म व्हेलचं. (मासा म्हणायची सवय, आहे तो सस्तन प्राणी.) १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने व्हेलच्या संरक्षणासाठी हे तेल बंद केलं आणि केमिस्ट मंडळींची पळापळ झाली, पर्याय म्हणून जोजोबाच्या बियांचं तेलसुद्धा तपासलं गेलं. म्हणून "कुठलंही लाल ऑइल ओत" हे चालत नाही. लाल हा नुसता रंग आहे, इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं आणि गळती कुठली ते कळावं म्हणून. या ट्रकला डेक्सरॉन सहा नावाचं ऑइल चालतं, २००५ला आलेलं, जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोलेट बनवणारी कंपनी) जुन्या डेक्सरॉनच्या जागी वापरता येतं.

हे ऑइल खराब करते ती मुख्यतः उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो, म्हणजे टेक्सासच्या उन्हाळ्यात बोट ओढणाऱ्या ट्रकचं ऑइल, भाजी आणायला जाणाऱ्या ट्रकच्या मानाने किती लवकर म्हातारं होईल बघा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट केलं, मग जॅक स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरू नका, प्लीज). गिअरबॉक्सच्या तळाला ऑइलचं पसरट भांडं असतं, तो पॅन. याला खाली ऑइल सोडायचं बूच नव्हतं, सोळा बोल्ट काढून अख्खा पॅनच उतरवायचा. भावाने सांगितलं होतं की मागच्या बाजूचे बोल्ट आधी काढ, पुढचे नुसते ढिले कर, म्हणजे पॅन एका बाजूला कलतो आणि ऑइल हळू येतं. मी ऐकलं अर्धंच, पॅन एकदम सुटला आणि खाली ठेवलेल्या परातीत कमी, माझ्या बाहीत जास्त ऑइल गेलं.

पॅनच्या तळाशी एक लोहचुंबक होतं, त्यावर राखाडी लोण्यासारखा थर. हा अगदी बारीक लोखंडी चुरा, वयानुसार तेवढा चालतो. काळजी कधी करायची, तर बोटाला टोचतील असे तुकडे निघाले किंवा पॅनमधे काळा गाळ भरपूर असला आणि ऑइलला करपल्याचा वास आला तर, कारण तो गाळ क्लचच्या चकत्यांचा, आणि तो चुंबकाला चिकटत नाही. आणि ऑइल गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत गेलंय, मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

फिल्टर पॅनच्या वर, पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाला असतो. म्हणून तो फार बारीक जाळीचा करता येत नाही, पंपाला ऑइल ओढताना दम लागेल, घट्ट लस्सी बारीक स्ट्रॉने पिण्यासारखं. त्यामुळे अगदी बारीक कण फिल्टरमधून जातातच, ते बाहेर काढायचा साधा उपाय म्हणजे ऑइलच बदलणं. फिल्टर हलवून खाली ओढला की निघतो, पण त्याचं जुनं रबरी सील बऱ्याचदा वर भोकातच राहतं, ते काढायला विसरलात किंवा नवीन तिरकं बसलं तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, ऑइल जवळजवळ नाही, म्हणून हवा मिसळली की क्लचवरचा दाब गंडतो. जास्त ऑइल भरलं तरी फिरते भाग त्याचा फेस करतात आणि तोच घोळ.

पॅनचे बोल्ट फक्त ११ न्यूटन-मीटरला (बोल्ट किती जोराने पिळायचा त्याचं माप) आवळायचे, ताकद दाखवली तर पॅनची कड वाकते आणि मग गळती कायमची.

बरं, यात सगळं ऑइल बदललं का? नाही. पॅनमधून जेमतेम पाच लिटर निघतं, एकूण साधारण अकरा, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर आणि पाइपांमधे बसून राहतं. म्हणजे एका वेळेला ४५ टक्के नवीन. मधे गाडी चालवून परत केलं तर ७०, तिसऱ्यांदा ८४. भाऊ म्हणतो दरवेळी अर्ध्याला थोडं कमी, पण वेळेवर.

आता ते "ऑइल बदललं आणि बसला". बहुतेक लोक ऑइल बदलायला जातातच मुळी गाडी घसरायला लागल्यावर. तोवर क्लचचा कागद झिजून गेलेला असतो आणि नवीन ऑइल काही कागद परत चिकटवत नाही. गिअरबॉक्स आठ दिवसांनी बसतो तो तसाही बसणारच होता, नाव मात्र ऑइलचं.

शेवटी नरसाळ्याने ऑइल भरलं, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक जागी थोडा थोडा वेळ थांबवला आणि पार्कमधे आणला. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) गिअरबॉक्स गरम असतानाच बघायची, ऑइल साधारण ८० ते ९० अंशांवर, कारण थंड ते गरम होताना ऑइल चारपाच टक्के फुगतं, म्हणजे अकरा लिटरला अर्धा लिटर इकडचं तिकडं. भाऊ तासभर चक्कर मारून आला, पट्टी टिश्यूवर पुसली, डाग लालच पण किंचित तपकिरी, जुनं मिसळल्यामुळे. परातीतलं जुनं ऑइल दुधाच्या रिकाम्या कॅनमधे भरून तो ऑटो पार्ट्सच्या दुकानात देऊन आला, तिकडं ते फुकट घेतात. माझा शर्ट मात्र कोणी घेतला नाही.