एक क्विंटल हवा

हवेवर चालणाऱ्या गाडीची बातमी वर्ष-दोन वर्षांनी मोबाइलवर फिरून येतेच. टाटांची गाडी, फ्रान्सचं इंजिन, पेट्रोल नाही, धूर नाही. टाकीत प्रचंड दाबाने भरलेली हवा सुटताना प्रसरण पावते आणि त्या जोरावर इंजिन फिरतं, अशी ही गाडी. बातमीचं मूळ खोटं नाही. गी नेग्र या फ्रेंच इंजिनिअरच्या एमडीआय कंपनीशी टाटा मोटर्सने 2007 मध्ये करार केला होता, आणि 2012 मध्ये आपल्या दोन गाड्यांवर हे इंजिन चालवून पाहिल्याचं जाहीरही केलं होतं. गाडी शोरूममध्ये मात्र आली नाही. विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: टाकी फुटली तर?

भीती अनाठायी नाही. अशा गाडीची टाकी साधारण 300 लिटरची, दाब 300 बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). आपण कारच्या टायरमध्ये भरतो तो दाब 2 बारच्या आसपास, सीएनजीच्या टाकीतला 200 बार. 300 बारला दाबलेली एवढी हवा तोलली तर जवळपास एक क्विंटल भरेल. ती एका क्षणात सुटली तर हिशेबाने सुमारे 4 किलो टीएनटी या स्फोटकाएवढा दणका बसू शकतो. हवा पेटत नाही हे खरं, पण टाकी फुटायला आग लागतेच असं नाही.

म्हणून अशी टाकी पोलादाची करत नाहीत. पोलाद फाटलं तर त्याचे तुकडे गोळ्यांसारखे उडू शकतात, शिवाय ते जड. आत पातळ अस्तर आणि त्यावर कार्बन फायबरचे धागे गुंडाळलेली टाकी हलकी असते. ती नीट बनवलेली असेल तर तडा गेल्यावर चिंधड्या होण्याऐवजी हवा जोराने गळून जाण्याची शक्यता जास्त. आगीत शिरणारे अग्निशमन दलाचे जवान याच धर्तीचे 300 बारचे सिलिंडर पाठीवर बांधून त्यातून श्वास घेतात. म्हणजे तंत्र जुनं आहे, विश्वासाचं आहे. अट एकच, देखभालीची. सीएनजीच्या टाकीला दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी) लागते, तशीच सक्ती इथेही हवी, कारण आत तुटलेले धागे वरून दिसत नाहीत. कॉम्प्रेसरकडेही लक्ष हवं: दाबाने तापलेल्या हवेत वंगणाचं तेल मिसळलं तर ते पेटू शकतं.

तेव्हा माझ्या मते सुरक्षेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. खरी अडचण उष्णतेची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं. तिथे तुमच्या दंडातली ताकद उष्णता होऊन निघून जात असते. हवा एका दमात 300 बारपर्यंत दाबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर गणिताप्रमाणे ती 1,200 अंश सेल्सिअसच्या वर तापेल. म्हणून कॉम्प्रेसर टप्प्याटप्प्याने दाबतो आणि मध्ये मध्ये हवा थंड करतो. ती उष्णता आपण विजेचं बिल भरून विकत घेतलेली असते, आणि ती वाऱ्यावर जाते. इंजिनात याच्या उलट घडतं. हवा प्रसरण पावते तशी गारठते, गारठली की तिचा जोर कमी होतो, आणि तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन झडपा अडकतात. कोकणातल्या पावसाळी हवेत तर आधी बाष्प काढून टाकण्याचीच मोठी तजवीज करावी लागेल. (नागपूरचा उन्हाळा उलट मदतीला येईल, तिथे बाहेरची हवाच इंजिनाला ऊब देईल.)

आता हिशेब. 300 लिटर टाकीतून, सगळं आदर्श घडलं तर, 12 युनिटच्या आसपास ऊर्जा मिळते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट असते. पेट्रोल इंजिन त्यातला बराच भाग वाया घालवतं, तरी पेट्रोलची टाकी 35-40 लिटरची असते हे विसरता येत नाही. आणि ही हवा भरायला कॉम्प्रेसर 20 ते 25 युनिट वीज खातो. चाकापर्यंत त्यातला चौथा हिस्सा पोचला तरी पुष्कळ. तीच वीज बॅटरीत भरली तर साधारण तीन चतुर्थांश चाकापर्यंत पोचते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये असाच ताळेबंद मांडला, त्यातही हवागाडी बॅटरीच्या गाडीमागे पडली. 2011 मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजच्या कू-रिन या तीनचाकीने हवेवर ताशी 129 किलोमीटरचा वेग गाठला. एका भरणीत ती धावायची मात्र 3 किलोमीटरच्या आसपास.

उष्णतेची ही अडचण लुई मेकार्स्की या इंजिनिअरला माहीत होती. फ्रान्समधल्या नांत शहरात 1879 मध्ये त्याच्या हवेवरच्या ट्राम धावू लागल्या आणि 1917 पर्यंत धावत राहिल्या. टाकीतली हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी तो ती कढत पाण्यातून नेत असे, म्हणजे प्रसरणात हरवणारी ऊब आधीच तिच्या पदरात पडे. शेवटच्या थांब्यावर ट्राममध्ये हवा भरली जाई, पाणीही पुन्हा तापवलं जाई. मार्ग ठरलेला, थांबे जवळजवळ, भरायचं ठिकाण पक्कं. कोळशाच्या खाणींतही हवेवरची छोटी इंजिनं गाड्या ओढत असत, कारण तिथे एक ठिणगी पडली तर पाळीवरचा एकही कामगार परत वर आला नसता.