पाचोळा जाळण्यावरच्या बंदीची पार्श्वभूमी

वायू प्रदूषणाच्या १९८१ च्या कायद्यातल्या कलम १९(५) ने इंधन नसलेल्या वस्तू जाळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. म्हणजे शेकोटीतलं लाकूड वेगळं आणि त्यात टाकलेला टायर वेगळा. घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांत तर कचरा आणि सुकी पानं जाळू नयेत, असं सरळच होतं.

खरा घोळ घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घातला (२०२६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली). कचरा रस्त्यावर, आवाराबाहेरच्या मोकळ्या सार्वजनिक जागेत, नालीत किंवा पाण्यात टाकू, जाळू अथवा पुरू नये, असं त्यांच्या नियम ४(२) मध्ये होतं. ‘आवाराबाहेर’ हा शब्द धरून कुंपणाच्या आत जाळायला हरकत नाही, असा अर्थ काढला जायचा. तो चूक होता. बागेतला कचरा आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणेच त्याची विल्हेवाट लावायची, हे त्याच नियमात आधी येत होतं. शिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळणं सरसकट बंद केलं: साध्या जाळपोळीला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावरच्या जाळपोळीला २५,०००. ‘मोठं प्रमाण’ कुठून धरायचं, यावर वाद होतो. २०१६ च्या नियमांतली दिवसाला १०० किलोची मर्यादा मोठे कचरा उत्पादक ठरवण्यासाठी होती, आगीचा ढीग मोजण्यासाठी नाही.

आदेशात डम्पिंग यार्डही येतं, आणि नागपूरच्या भांडेवाडी डम्पिंग यार्डाकडे बघताना हे विसरून चालणार नाही. तिथली आग ढिगाच्या पोटात, कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेन वायूवर धुमसते. वरून मारलेलं पाणी आत पोचत नाही. पोकलेनने ढीग फोडून, पसरवून, मातीने दाबावा लागतो. झाडूवाल्याने पेटवलेल्या पाचोळ्याची पावती फाडणं त्याहून फार सोपं.

पाचोळ्याचा धूरही निरुपद्रवी नाही. ढीग वरून सुका, आतून दमट असतो. हवा कमी पडून तो जळण्याऐवजी धुमसतो आणि बारीक कण जास्त सोडतो. हिवाळ्यात पहाटे हा धूर जमिनीलगतच अडकतो. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. हवा सुधारायची असलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत नागपूर आहे.

पर्याय म्हणजे तीन फूट खोल खड्डा: अर्धा फूट पानं, वर शेणकाला, पुन्हा पानं. नुसती पानं लवकर कुजत नाहीत, नत्र कमी पडतं. नागपूरच्या उन्हात खड्डा लवकर सुकतो, म्हणून ओलं पोतं झाकावं आणि पंधरा दिवसांनी खालीवर करावं.